पारिसाचा कान

पारिसा,

काल मार्केट यार्डात तुझी शोकसभा झाली. एक व्यापारी बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "पारिसाअण्णांचा कान शेवटपर्यंत तल्लख होता." मी मान खाली घातली. पहिल्या रांगेत विमलवहिनींनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आवरेना. मी त्यांना तुमच्या लग्नापासून ओळखतो. त्या हसू दाबत होत्या.

सभा उठल्यावर त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी हे ऐकू आलं असतं तर लय बरं झालं असतं." मग मात्र आम्ही दोघंही खरोखरचे रडलो. तुझ्याच शोकसभेत तुझ्या बायकोनं आणि मी आधी हसून घेतलं, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. अशा गोष्टी मी आजवर तुलाच सांगत आलो, म्हणून तुलाच लिहायला बसलो आहे.

तुझा जन्म कुठला, दुकान कधी घातलंस, किती संस्थांवर होतास, हे सगळं काल सांगून झालं. एकानं तर तुला दोन जास्तीच्या पदव्यासुद्धा दिल्या. त्यात मी भर घालत नाही. मला एकच सांगायचंय. तू गेल्यापासून जेवण जात नाही, आणि तरीही आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटतंय. असं वाटणं बरं की वाईट, याचा मी दोन दिवस विचार केला. मग सोडून दिला. तू चार-पाच वर्षांपूर्वी गेला असतास तर मी तुझ्या मातीला आलो असतो, लाकडं रचायला हात लावला असता, आणि घरी येताना मनात म्हणालो असतो की शेवटी शेवटी हा माणूस लोभी झाला होता. तेवढं टळलं. थोडक्यात वाचलो आपण दोघं.

आष्ट्याच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. पुढे तू सांगलीला मामाच्या अडत दुकानात गेलास आणि मी वडिलांच्या मागे शेतात राहिलो. तेव्हापासून माझी हळद तुझ्याच दुकानात यायची, दुसरीकडे न्यायचं कधी मनातही आलं नाही. पोतं उघडलं की तू कोपरापर्यंत हात आत घालायचास, पार तळातलं एक हळकुंड काढायचास आणि उजव्या कानाजवळ धरून मोडायचास, डोळे मिटून. हळद नीट वाळलेली असली की मोडताना बारीक, धातूसारखी वाजते. आत ओल राहिली असली की मुकी मोडते. बाकीचे लोक रंग बघायचे, वास घ्यायचे, दाताखाली धरायचे. तू ऐकायचास. तू "वाळली" म्हणालास की सौदा सुरू व्हायचा. नवे खरेदीदार हसायचे, पण एकदोन हंगामात तेही तुझ्या तोंडाकडे बघायला लागायचे.

तुम्हा जैनांत जमिनीखालचा ओला कंद खात नाहीत आणि तीच हळद वाळली की चालते. "तोंडात चुकून वली जायला नको म्हणून एवढी तपासणी व्हय रं?" असं मी तुला चिडवायचो. तू म्हणायचास, "व्हय गड्या, धरमाचं काम हाय," आणि पुढचं पोतं उघडायचास.

साठी उलटल्यावर आपल्या दोघांनाही जग बिघडत चाललंय असं दिसायला लागलं. वर्तमानपत्रवाल्यांनी अक्षरं बारीक केली होती. तुझ्या दुकानाच्या पायऱ्या कुणीतरी उंच करून ठेवल्या होत्या. भाकरीला चव नव्हती, आणि मीठसुद्धा पूर्वीसारखं खारट मिळत नव्हतं. तुझा लेंगा पायात यायला लागला, तेव्हा तू शिंप्याला शिव्या दिल्यास. तू आखडून कमी झाला असशील, हे तुझ्याही मनात आलं नाही आणि माझ्याही. माझी मंदा मेढ्याच्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला की मला निम्मं ऐकू येत नाही, तिकडे सगळा डोंगर आणि रेंजची बोंब. जावयाचा फोन चांगल्या कंपनीचा असावा, त्याचं सगळं ऐकू येतं. कृष्णेच्या घाटावर बसून आपण असल्या तक्रारी करायचो. जगाच्या तक्रारी संपल्या की सरकारच्या करायचो आणि समाधानानं घरी जायचो.

पहिल्यांदा तुला फसवलं ते डोळ्यांनी. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा तुमच्या घरचा नेम. तू तो कधी मोडला नाहीस. पण एका वर्षी तू जेवायला लवकर लवकर बसायला लागलास. आधी सहाला, मग साडेपाचला, मग वहिनी दुपारची भांडी घासून उठतात न उठतात तोच तू पाटावर.

"वाढ. दिस बुडाय लागलाय."

"आवं, अंगणात ऊन हाय की अजून."

"तुला दिसतंय न्हवं? मला अंधार दिसतोय. नेम माझा हाय, तुझा न्हाई."

रात्री तू भुकेनं कूस बदलत पडायचास आणि पाणीसुद्धा घ्यायचा नाहीस. वहिनी मला म्हणाल्या होत्या, ह्यांचा धर्म म्हातारपणी वाढला. मीही तसंच समजत होतो. पुढे दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि पट्टी निघाल्यावर संध्याकाळी तू अंगणात येऊन उभा राहिलास. आपण सगळेच होतो तिथे. बराच वेळ तू पश्चिमेकडे बघत होतास. मग वहिनींना म्हणालास, "आज दिस लय लांबला गं." वहिनी म्हणाल्या, "दिस तेवढाच हाय. तुमच्या डोळ्यावरचं ढग गेलं." आपण इतके हसलो की तुझ्या डोळ्यांना ताण पडेल म्हणून तुझ्या मुलानं, अभयनं, सगळ्यांना अंगणातून घालवलं.

त्यातून शिकायला हवं होतं. तू शिकला नाहीस, मी नाही, तुझा शिकलेला मुलगाही नाही. वहिनी तेवढ्या शिकल्या, पण ते नंतर.

मग ते साल आलं. त्या वर्षी माझी हळद मलाच बघत राहावीशी वाटत होती. खळ्यावर पसरलेली असताना शेजारचे लोक थांबून बघायचे. मी उलट दोन उन्हं जास्तच दिली होती. पोती घेऊन आलो, तू हात घातलास, मोडलंस, आणि चार लोकांत म्हणालास, "शिवा, वली हाय रं."

मला वाटलं चेष्टा करतोस. तू दुसरं मोडलंस. "वलीच हाय. आणि चार उनं दे."

तू म्हणालास म्हणजे असेल, असं स्वतःला समजावलं आणि गाडी परत फिरवली. पुन्हा पसरली, पुन्हा वाळवली. हात लावला की टोकं गळून पडायला लागली. परत घेऊन आलो. तू डोळे मिटलेस, मोडलंस. मला तो आवाज तीन हातांवर स्पष्ट आला. आणि तू डोळे उघडून म्हणालास, "आजून वली."

त्यावर मी जे बोललो ते तिथल्या सगळ्यांनी ऐकलं. "कवापासनं भाव पाडाय लागलास रं, पारिसा?"

हातातले दोन तुकडे तसेच धरून माझ्याकडे बघत राहिलास. मी पोती उचलली आणि बोळापलीकडच्या दुकानात टाकली. तिथं ती चहा प्यायच्या आत गेली. तू तुझ्या गादीवरून सगळं बघत होतास. घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, सुमन, यातली मूठभर हळकुंडं ठेवून दे, पुरावा म्हणून. तिनं स्टीलच्या डब्यात ठेवली.

दोन हंगाम आपण बोललो नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर तुझी बायको माझ्या बायकोशी बोलायची आणि आपण दोघं मांडवाचे खांब बघायचो. तुझ्याबद्दल कानावर यायचं ते सारखं एकच असायचं. पारिसाअण्णांना आता कुणाचीच हळद वाळलेली दिसत नाही. शेतकऱ्यांना परत पाठवतात. म्हातारा भाव पाडतो, असं लोक उघड म्हणायला लागले. मी ते पहिल्यांदा म्हणालो होतो, म्हणून लोक मलाच शाबासकी द्यायचे. त्या शाबासकीनं मला बरं वाटत नव्हतं. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर मी पोत्याची तोंडं उघडी ठेवून चहाला जायचो, तो माणूस असा कसा झाला, हे मला सुटत नव्हतं.

तुझ्याकडे काय चाललं होतं ते मला वहिनींनी नंतर सांगितलं. तू रात्र रात्र बोलत बसायचास म्हणे. हळद शिजवायचे नवे कुकर आले तेव्हापासून सत्यानाश झाला. पोरांना दम नाही. उन्हातच आता पूर्वीचा जोर राहिला नाही. "अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस हळद वाळवून आणत न्हाई, आणि मी खोटं बोलतोय म्हंत्यात," असं म्हणून तू भिंतीकडे तोंड करून झोपायचास. तू खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच एकही हळकुंड वाजलेलं ऐकू येत नव्हतं.

हे ओळखलं वहिनींनी, भातावरून. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून त्या देवळात गेल्या. परत आल्या तर घरभर करपल्याचा वास, आणि तू गॅसशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतोयस. "शिट्टी झालीच न्हाई," तू म्हणालास. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि तू मान वर न करता तो कुणाचा ते सांगितलंस. एरवी कुणीही बाई म्हणाली असती, ह्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं, आणि आजवर वहिनीही तेच म्हणत होत्या. पण त्या दिवशी करपलेला भात काढताना त्यांना अंगणातलं ऊन आठवलं. "डोळ्यानं दिस बुडवला हुता," त्या मला म्हणाल्या, "मग कानानं हळद वली केली नसंल कशावरनं?"

तुला खरं सांगितलं असतं तर तू गेला नसतास. कानातला मळ काढायचाय, असं सांगून त्यांनी तुला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका लहानशा बंद खोलीत बसवून एका तरुण मुलीनं तुझ्या कानांवर यंत्र लावलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाली. तू बसून राहिलास. मग बाहेर येऊन तिला म्हणालास, "बाई, तुमची मशीन बंद हाय."

मुलगी हसली नाही, हे तिचं चांगलं. तिनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे जाड आवाजांची, जवळपास सपाट. उजवीकडे बारीक आवाजांची, खंबाटकीचा घाट उतरावा तशी खाली गेलेली. तिनं सांगितलं की कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात केसासारखी टोकं असलेल्या बारीक पेशी असतात. आवाजानं ती टोकं हलतात तेव्हा आपल्याला ऐकू येतं. बारीक आवाजांच्या पेशी त्या नळीच्या दाराशीच असतात, जाड आवाजांच्या आत खोलवर. सगळे आवाज दारातूनच आत जातात, त्यामुळे वय होतं तशा दाराजवळच्या आधी झिजतात, आणि माणसाला त्या पुन्हा उगवत नाहीत.

"म्हंजी वावराच्या तोंडाचं पीक तुडवलं जातंय, आन आतलं ऱ्हातंय," तू म्हणालास.

"हो आजोबा. तसंच."

"म्हणून ट्रक ऐकू येतोय, पर चिमणी न्हाई."

"हो. चिमणी, कुकरची शिट्टी, बायकांचे, लहान मुलांचे आवाज. तुम्हाला बोललेलं ऐकू येतं, पण शब्द पुसट वाटत असतील."

मग तू विचारलंस, "मग हळद वली न्हवती?"

"कुठली हळद, आजोबा?"

वहिनी म्हणाल्या, तू तो रेघेचा कागद तिच्याकडे परत दिलास. उठून बाहेर बाकड्यावर जाऊन बसलास. तुझ्या चपला आत दाराशीच राहिल्या होत्या, त्या वहिनींनी आणून तुझ्या पायाशी ठेवल्या. "काय बोलू मला सुचंना, भावजी. मी आपली चपला सरळ करत बसली," असं त्यांनी मला सांगितलं. पारिसा, तुझ्यावर काय गुजरलं असेल ते मला त्या चपलांवरून कळलं. ज्या कानाच्या भरवशावर तू माणसं परत पाठवलीस तो कान फितूर निघाला होता. आणि मला मात्र ते ऐकून, खरं सांगतो, गावभर पेढे वाटावेसे वाटले. माझा मित्र चोर नव्हता. म्हातारा झाला होता, एवढंच.

तरी मी फोन केला नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. तूच आलास. एसटीनं आष्ट्याला उतरून, उन्हातून चालत, सरळ खळ्यावर. मी हळद पालथी करत होतो. दोन्ही कानांमागे ऐकायची नवी यंत्रं, आणि चेहरा असा की परीक्षेला आलाय. जयजिनेंद्र नाही, नमस्कार नाही. गुडघ्यानं तुला बसता येईना, म्हणून कमरेत वाकलास, एक हळकुंड उचललंस, उजव्या कानाजवळ नेलंस. मोडलंस.

मी हातातलं काम टाकून तुझ्या तोंडाकडे बघत होतो.

तू दुसरं उचललंस. मग आणखी एक. मोडत राहिलास, माझी चांगली विक्रीची हळद, आणि तुकडे पायाशी टाकत राहिलास. मी अडवलं नाही. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू ते पुसतही नव्हतास.

"वाजली रं," तू म्हणालास. "शिवा, वाजली."

सुमन चहा घेऊन आली. "भावजी, कवा आलासा?" म्हणाली. तू तिच्याकडे वळलास आणि म्हणालास, "वैनी, तुमच्या बांगड्या ऐकू आल्या मला. लांबनं." तिनं पदर डोक्यावर नीट केला आणि बशी तुझ्या हातात दिली.

चहा पिताना तू एकच वाक्य बोललास त्या प्रसंगाबद्दल. "हळद वाजलेली ऐकू आली न्हाई मला त्या दिशी. तू बोललेलं मातूर सगळं ऐकू आलं. तुझा आवाज लय जाड हाय." मी म्हणालो, "च्या घे, गार व्हतोय." एवढ्यावर आपली माफी उरकली. मला पुढे पुष्कळदा वाटलं की नीट बोलायला हवं होतं. पण मित्रांत तसलं बोलायची आपल्याकडे रीत नाही, आणि तुला तरी ते कुठे आवडलं असतं. आज इथे लिहून ठेवतो. तुला तसं म्हणायला नको होतं. तू तेव्हा गप्प राहिलास, ते मला अजून ऐकू येतं.

जाताना मात्र तू खरा पारिसा झालास. दारात थांबून म्हणालास, "औंदाची झकास वाळलीय. त्या सालाची वलीच हुती."

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत चाललं. मी तो स्टीलचा डबा तुझ्यापुढे ठेवायचो. मोड म्हणायचो. तू हात लावायचा नाहीस. "आता वाळली आसंल. डब्यात इतकी वर्सं ऱ्हाऊन कोण वाळत न्हाई? पुरावा शिळा झाला तुझा." दरवेळी हेच. तुझी चूक होती हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, डब्यालाही माहीत असावं. तरी तू कबूल केलं नाहीस, आणि मला त्या न कबूल करण्याचा केवढा आनंद व्हायचा. दोन हंगामांची ती मुकी शांतता एकदा बघितल्यावर तुझ्याशी भांडायला मिळतंय हीच चैन होती.

तुझ्यात फरक पडला, तो मी बघितला. घाटावर बसलो की तू जगाची तक्रार करेनासा झालास. पायऱ्या उंच नाहीत, मांडीतल्या स्नायूंचा जोर कमी झालाय, हे तू मला सांगायचास, जणू माल तपासून भाव बोलतोयस. हाताची कातडी चिमटीत धरून उचलायचास आणि ती किती वेळ उभी राहते ते दाखवायचास. म्हातारपणी तहानच लागत नाही, शरीराला पाणी हवं असलं तरी ते सांगायचं विसरतं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू तहान नसताना तांब्या तोंडाला लावायला लागलास, आणि मलाही लावायला लावलास. "आपल्याला वाटतंय त्ये खरंच असतंय असं न्हाई गड्या," म्हणायचास. "आता इचारून घ्यायचं. ऊन हाय का? बायकोला इचारायचं. वाजली का? पोराला इचारायचं." दुकानात तू अभयला शेजारी बसवलंस आणि यंत्र लावूनही त्याला विचारायला लागलास. ज्यांना परत पाठवलं होतंस त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी तू स्वतः जाऊन आलास. तू त्यांना काय सांगितलंस ते मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पण काल सभेला ते आले होते. मागच्या बाजूला उभे होते, आणि शेवटपर्यंत उभे होते.

तुझी शेवटची संध्याकाळ मला अभयनं सांगितली. ऊन असताना जेवलास. चूळ भरलीस. अंगणातल्या खुर्चीवर बसलास, कानातली यंत्रं काढून त्यांच्या डबीत ठेवलीस, रोज ठेवायचास तशी. वहिनींनी आतून काहीतरी विचारलं, तू बोलला नाहीस. त्यांना वाटलं, यंत्र काढलंय. त्या आपल्या कामाला लागल्या. "मी मागनं जाऊन खांद्याला हात लावला," त्या मला म्हणाल्या, "तवर दिस बुडला हुता. खराच." त्यांना आता खंत वाटते की तेवढा वेळ तू एकटा होतास. मी त्यांना म्हणालो, वहिनी, तो एकटा नव्हता. पोट भरलेलं होतं, नेम पाळलेला होता, समोर मावळतीचं ऊन होतं आणि ते त्याला नीट दिसत होतं. आणि मनात मी हेही म्हणालो की कुणाशी अबोला शिल्लक नव्हता.

आता आजचं सांगतो, आणि थांबतो.

आज सकाळी मी तो डबा काढला. तू काही हात लावणार नाहीस आता, तर म्हटलं आपणच निकाल लावू. तुझ्यासारखे डोळे मिटले, हळकुंड उजव्या कानाजवळ धरलं आणि मोडलं.

मुकं.

दुसरं मोडलं. तेही मुकं. पारिसा, क्षणभर मला खरंच वाटलं, अरेच्चा, ही तर ओलीच आहे. मग लक्षात आलं की इतकी वर्षं डब्यात राहिलेली हळद ओली कशी असेल. मी तिसरं मोडत होतो तेवढ्यात सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय मोडायलायसा तिकडं? आतपतूर खणखण ऐकू येतंय."

तिचं वाक्यही मी तिला दोनदा विचारून घेतलं.

मग फोन उचलला आणि मेढ्याला लावला. मंदा काहीतरी बोलली, नेहमीसारखं पुसट. मी म्हणालो, जावईबापूंना दे. त्यांना विचारलं, तुमच्याकडे रेंज कशी आहे? ते म्हणाले, "बाबा, घरासमोरच टॉवर हाय. बसवून लय वर्सं झाली. मंदा कवाधरनं म्हणती, बाबांचे कान दाखवायला पायजेत, पर तुम्हाला सांगायचं कुणी?" त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. कंपनीचा काही संबंध नव्हता.

तू असतास तर हसून हसून खुर्चीतून पडला असतास. मीही हसलो, एकटाच, मांडीवर हळदीचे तुकडे घेऊन. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. पुढे काय होणार ते मी तुझ्याकडे बघून ठेवलंय. ट्रक राहतो, चिमणी जाते, आणि यंत्र लावलं की चिमणीही थोडीफार परत येते. तू माझ्या पुढे जाऊन वाट दाखवलीस, शाळेला जाताना ओढ्यात दाखवायचास तशी. सोमवारी सांगलीला जातोय, तुझे कान तपासले त्याच मुलीकडे. विमलवहिनी सोबत येते म्हणाल्या. ती मशीन बंद आहे, असं मी तिला म्हणणार नाही.

आणि त्या सालच्या हळदीचं भांडण मी आज मिटवतो. चार लोकांत तुझ्या विरुद्ध बोललो होतो, तर आता चार लोकांत तुझ्या बाजूनं साक्ष देईन. डोळे मिटून, कानाशी धरून, तुझ्याच पद्धतीनं मोडून बघितली आहे. ओलीच होती, पारिसा.